दुधाच्या दातांची किंमत

‘दुधाचे दात पडायचेच असतात, मग त्यांची एवढी उठाठेव कशाला?’ हा प्रश्न आपल्या समाजात इतका रूढ आहे की, प्रश्न म्हणून तो आता कोणी विचारतच नाही. तो निकालच होऊन बसला आहे. चाळीत आणि बंगल्यात तो सारख्याच खात्रीने ऐकू येतो. आम्ही दंतवैद्य नाही. कामगारांच्या चळवळीत आयुष्य गेले आणि जे काही शिकलो ते पुस्तकांतून व माणसांतून शिकलो. परंतु मुलाच्या दाढेपायी पडलेला खाडा आणि त्यापायी काढलेली उसनवारी आम्ही इतक्या घरांत पाहिली आहे की, हा विषय वैद्यकाइतकाच घरच्या हिशेबाचाही आहे, असे आमचे ठाम मत झाले आहे.

गिरणीत बदली कामगार कायम नसतो. म्हणून त्याच्या कामाला मोल नाही असे मालक म्हणू लागला, तर आम्ही ते ऐकून घेत नाही. कायम माणूस येईपर्यंत साचा चालतो तो बदलीवाल्याच्याच हातावर. दुधाचा दातही असाच बदलीवाला आहे. हे दात एकंदर २०. साधारण सहाव्या महिन्यात खालचे पुढचे दात दिसू लागतात आणि तिसऱ्या वर्षापर्यंत सगळे येतात. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात, हे खरे; पण मागच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाची दाढ किडली, तर तिला अजून सात ते नऊ वर्षे काम करायचे असते. शिवाय खालून येणाऱ्या कायम दातासाठी ती जागा राखून ठेवते. ती अकाली काढावी लागली की शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि पुढचा कायम दात वाकडा येतो किंवा अडकून पडतो. मुळाशी पू झाला, तर खाली घडत असलेल्या कायम दातालाही इजा पोहोचू शकते.

आणखी एक गोष्ट पुष्कळ आईबापांच्या ध्यानी येत नाही. सुमारे सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. ती कोणाच्याही जागी येत नाही, एकही दात न पडता येते. म्हणून तिलाही दुधाची समजून दुर्लक्ष होते. वास्तविक ती जन्माची दाढ असते.

आता दात किडतो म्हणजे काय होते? आपण ‘कीड’ म्हणतो, म्हणून दातात अळी असते अशी समजूत झाली; आणि दातातली अळी काढून दाखवणारे भोंदू त्यावर पोट भरत आले. दातात अळी नसते. दातावर जो चिकट थर साचतो त्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. आपण साखर खाल्ली की ते तिचे आम्ल बनवतात आणि ते आम्ल इनॅमल नावाच्या कठीण कवचातील क्षार विरघळवते. लाळ हे नुकसान भरून काढीत असते. पण तिला अर्धा-पाऊण तास सवड लागते. दर अर्ध्या तासाला मुलाच्या तोंडात काही गोड पडत राहिले, तर लाळेला विसावाच मिळत नाही. दुधाच्या दातांचे कवच पातळ असल्याने कीड आतल्या नसेपर्यंत लवकर पोहोचते.

किती साखर खाल्ली, यापेक्षा ती किती वेळा आणि किती चिकट स्वरूपात खाल्ली, याला अधिक महत्त्व आहे, हे स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथील प्रयोगांनी दाखवून दिले. त्यांचे निष्कर्ष १९५४ साली प्रसिद्ध झाले. जेवणाबरोबर दिलेल्या साखरेने दात फारसे किडले नाहीत. जेवणांच्या मधल्या वेळांत दिलेल्या चिकट टॉफीने ते झपाट्याने किडले. परंतु हे ज्ञान कोणाच्या दातांवर मिळवले, हेही सांगितले पाहिजे. ती मतिमंद रुग्णांची संस्था होती आणि त्या रुग्णांना ‘नाही’ म्हणण्याची सोय नव्हती. दुबळ्यांना अशी किंमत मोजायला लावून मिळालेला धडा आपण निदान वाया तरी घालवू नये.

मग घरी काय करावे? चहात बुडवलेले बिस्किट दिवसातून पाच-सहा वेळा देण्याची सवय मोडावी. गोड द्यायचे ते जेवणाबरोबर द्यावे. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात देऊन मुलाला निजवू नये. झोपेत लाळ कमी सुटते आणि दूध वरच्या पुढच्या दातांभोवती रात्रभर साचून राहते. पहिला दात दिसताच मऊ ब्रशने तो घासू लागावे. दिवसातून दोनदा, आणि त्यांपैकी रात्री निजण्यापूर्वीची वेळ मुळीच चुकवू नये. पेस्ट फ्लोराइडची असावी. वेष्टनावर त्याचे प्रमाण १००० पीपीएमच्या आसपास आहे की नाही ते पाहावे. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत घासण्याचे काम मोठ्यांनी स्वतः करावे. लहानग्याच्या मनगटाला ते साधत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या विहिरी-कूपनलिकांच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे आणि त्याने दातांवर डाग पडतात. तेथे पेस्टविषयी दंतवैद्याला विचारून मगच ठरवावे.

राखुंडी आणि विटकरीची पूड दात झिजवतात. मशेरी तर तंबाखूच होय. दाढ दुखते म्हणून लहान मुलाच्या हिरडीला मशेरी लावणे म्हणजे कळ दाबण्यासाठी व्यसन हातात देणे. दात घासण्याच्या पेस्ट व पावडरींत तंबाखू घालण्यास १९९२ साली देशभर बंदी झाली. पण चुलीवर भाजलेल्या मशेरीला कायदा गाठू शकत नाही. ते काम आपणच केले पाहिजे.

महिन्यातून एकदा मुलाचा वरचा ओठ उचलून उजेडात पाहावे. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची पहिली पायरी होय. या पायरीवर कीड थोपवता येते. तपकिरी खड्डा पडल्यावर दात भरावाच लागतो. म्हणून दंतवैद्याकडे पहिली खेप मुलाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत व्हावी, असे आज तज्ज्ञ सांगतात. दुखत नसताना गेलेले मूल भीत नाही. ‘खोड्या केल्यास तर डॉक्टरांकडून सुई टोचवीन’ असा धाक घालणाऱ्या घरातले मूल खुर्चीवर बसायलाच तयार होत नाही, यात नवल काय? दंतवैद्य फ्लोराइडचा लेप देतात, नव्या दाढेच्या खाचा बुजवतात, खड्डा भरतात. नसेपर्यंत गेलेल्या दाढेवर उपचार करून स्टीलची टोपी बसवतात. दाढ काढावीच लागली, तर तिची जागा राखणारी तार बसवता येते. दाढ काढल्याने नजर जाते, ही समजूत निराधार आहे. मात्र गालावर सूज आणि अंगात ताप असेल, तर लवंगेच्या तेलावर विसंबून न राहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

हे सारे कुटुंबाने करायचे झाले. परंतु सगळा भार आईवर टाकून मोकळे होणे आम्हांला मान्य नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे मुंबईच्या गिरणी कामगाराला १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. आज कामगाराला मुलाला घेऊन जाण्यास सवड असते ती रविवारी, आणि सरकारी दवाखान्यांतील नेहमीची तपासणी बंद असते तीही बहुधा रविवारीच! ज्याची रोजंदारी बुडते, तो दाढ ठणकू लागेपर्यंत थांबतो. आणि थांबला की खर्च वाढतो. संध्याकाळची व रविवारची बाल-दंततपासणी ही मागणी नगरपालिकांपुढे आणि कामगार संघटनांच्या मागणीपत्रात आली पाहिजे.

जे हक्क आज आहेत, तेही वापरले पाहिजेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याच्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा व सरकारी शाळेत एकदा मुले तपासायची असतात, आणि त्या तपासणीत दातांचाही समावेश आहे. पथक आले होते काय, त्याने मुलाचे तोंड पाहिले काय, हे पालकांनी विचारावे. राज्य विमा योजना १९५२ साली सुरू झाली. तिच्यात विमेदाराच्या कुटुंबालाही वैद्यकीय मदतीचा हक्क आहे. दातांची सोय कोणत्या रुग्णालयात आहे, याची चौकशी दुखणे येण्याआधीच करून ठेवावी. मुंबईचे नायर दंत महाविद्यालय, तसेच मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये यांचे दरवाजे सर्वांना उघडे आहेत.

बदलीवाल्याला कायम कामगाराइतका मान द्या, हे मालकाला पटवण्यात आमची वर्षे गेली. दुधाच्या दाताला तोच मान देण्यासाठी मात्र कोणाशी वाटाघाटी कराव्या लागत नाहीत. आज रात्री मूल निजण्यापूर्वी दोन मिनिटे आणि तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, एवढ्यावर सुरुवात करता येते.