गर्भारपणातील प्रारंभिक रक्तस्राव

गर्भारपणातील प्रारंभिक रक्तस्राव : गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत योनिमार्गातून होणारा रक्तस्राव. सुमारे एक चतुर्थांश गर्भवती स्त्रियांत तो आढळतो. तपकिरी डाग पडण्यापासून गाठींसह भरपूर रक्त जाण्यापर्यंत त्याचे प्रमाण कमीजास्त असते. डाग दिसताच गर्भ गेला असे समजणे जसे चुकीचे, तसेच तो किरकोळ मानून दुर्लक्ष करणेही धोक्याचे असते. कारण बाहेर दिसणाऱ्या रक्तावरून आतील स्थितीची खरी कल्पना येत नाही.

कारणे : पाळीच्या अपेक्षित तारखेच्या सुमारास होणारा अल्प स्राव पुष्कळदा निरुपद्रवी असतो, मात्र तो पाळी समजला गेल्यास गर्भारपणाचे आठवडे मोजण्यात चूक होते. गर्भाशय ग्रीवेचा रक्तपुरवठा या काळात वाढलेला असल्यामुळे तेथील दाहामुळे किंवा संभोगानंतरही रक्त येते.

गर्भ जिवंत व ग्रीवा बंद असताना रक्तस्राव झाल्यास त्यास ‘आशंकित गर्भपात’ म्हणतात. गर्भाच्या हृदयाचे स्पंदन दिसल्यानंतर अशी बहुतेक गर्भारपणे पुढे सुरळीत चालू राहतात. कळा येऊन ग्रीवा उघडल्यास गर्भपात अटळ असतो. निदान झालेल्या गर्भारपणांपैकी १० ते २० टक्के आपोआप संपुष्टात येतात. सुरुवातीच्या अशा गर्भपातांपैकी जवळजवळ निम्मे गर्भातील गुणसूत्रांच्या दोषांमुळे होतात. नेहमीचे घरकाम, प्रवास किंवा एखादा ‘उष्ण’ पदार्थ खाणे यांबद्दल स्त्रीला दोष देणे म्हणूनच अन्यायाचे ठरते. क्वचित द्राक्षगर्भ हेही रक्तस्रावाचे कारण असते.

गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा : १०० गर्भारपणांपैकी एकदोनमध्ये गर्भ गर्भाशयाबाहेर, बहुधा अंडवाहिनीत, रुजतो. वाढत्या गर्भामुळे अंडवाहिनी फुटल्यास उदरात रक्तस्राव होतो. बाहेर केवळ डाग दिसत असताना स्त्रीचा जीव धोक्यात येऊ शकतो. ओटीपोटात, विशेषतः एका बाजूस, तीव्र वेदना, खांद्याच्या टोकाशी दुखणे, घेरी येणे ही धोक्याची लक्षणे असून ती आढळल्यास तत्काळ रुग्णालयात नेणे आवश्यक असते. लॉसन टेट या शस्त्रक्रियाविशारदांनी १८८३ मध्ये बर्मिंगहॅम येथे फुटलेली अंडवाहिनी काढून रुग्ण वाचविला.

निदान : इअन डॉनल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लासगो येथील कार्याचा निबंध १९५८ मध्ये प्रसिद्ध केल्यानंतर श्राव्यातीत ध्वनिपरीक्षेचा (सोनोग्राफीचा) प्रसूतिविज्ञानात प्रसार झाला. योनिमार्गातून केलेल्या या परीक्षेत सहाव्या आठवड्याच्या सुमारास हृदयस्पंदन दिसू लागते. त्यापूर्वी ते न दिसल्यास घाईने निष्कर्ष न काढता काही दिवसांनी परीक्षा पुन्हा करतात. कोरिऑनिक गोनॅडोट्रॉपीन या हॉर्मोनाचे रक्तातील प्रमाण ४८ तासांच्या अंतराने मोजल्यासही मदत होते.

उपचार : उपचार कारणानुसार ठरतात. आशंकित गर्भपातात अंथरुणावर पडून राहिल्याने गर्भ टिकतो असे आढळलेले नाही. पूर्वी गर्भपात झालेल्या काही स्त्रियांना प्रोजेस्टेरोन उपयुक्त ठरते. गर्भपात अपूर्ण राहिल्यास वाट पाहणे, औषधे देणे वा गर्भाशय रिकामे करणे हे पर्याय असतात. गर्भाशयाबाहेरील गर्भावर लवकर निदान झाल्यास मेथोट्रेक्सेट हे औषध, अन्यथा शस्त्रक्रिया करतात. स्त्रीचा रक्तगट ऱ्हीसस-ऋण असल्यास प्रति-डी अंतःक्षेपणाची गरज वैद्य ठरवितात. घड्या भराभर भिजणे, ताप वा दुर्गंधी स्राव असल्यास विलंब करू नये. एका गर्भपातानंतर बहुसंख्य स्त्रियांना पुढे निरोगी मूल होते, हे त्यांना व घरच्यांना समजावून सांगणे हाही उपचाराचाच भाग होय.