आपलं म्हणणं आपल्या तोंडानं

सभेत माझी ओळख करून देताना निवेदक बरेचदा म्हणतात, "हे मुस्लिम समाजाचे प्रतिनिधी." मी मनातल्या मनात चपापतो. मी कविता लिहितो, एवढंच. प्रतिनिधी म्हणून मला कुणी नेमलं? आमच्या तालमीच्या कट्ट्यावरच्या पोरांना तर कुणी विचारलेलंही नसतं. एकानं दुसऱ्याच्या वतीनं बोलायचं आणि ज्यांच्याविषयी बोलायचं त्यांनी निमूट ऐकायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. शहाद्याकडचे भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता याच दुखण्यावर बोट ठेवते.

ही रीत मोडणारं एक गाव आपल्याच महाराष्ट्रात आहे. कोल्हापूरपासून राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात. नाव मेंढा. शेजारच्या लेखा गावामुळं सगळे त्याला मेंढा-लेखा म्हणतात. गोंड आदिवासींची ही लहानशी वस्ती.

१९८० नंतरच्या काळात त्या भागात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांचा घाट घातला गेला. जंगल आणि गावं पाण्याखाली जाणार, म्हणून 'जंगल बचाओ, मानव बचाओ' आंदोलन उभं राहिलं. त्यात मेंढ्याची तरुण मंडळीही उतरली. देवाजी तोफा त्यांतलेच एक. धरणं थांबली. एरवी आंदोलन संपलं की झेंडे गुंडाळून माणसं घरी जातात. इथं तसं झालं नाही. जंगल वाचलं खरं, पण ते आहे कुणाचं, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही.

मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखा कार्यकर्ता त्यांच्या सोबतीला होता. तो पुढारी म्हणून नव्हे, तर सोबत बसून शिकणारा म्हणून. गावानं दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. एक अभ्यास गट, दुसरी ग्रामसभा. अभ्यास गटात नुसती चर्चा. कायदा काय म्हणतो, जंगलात काय उगवतं, हे समजून घ्यायचं. बाहेरच्या जाणकारालाही बोलवायचं. निर्णय मात्र ग्रामसभेचा, आणि तोही बहुमतानं नव्हे, सर्वसहमतीनं. एकाचाही विरोध असला तर विषय पुढं ढकलायचा आणि पुन्हा बोलायचं. याला वेळ लागतो. पण झालेला निर्णय मग सगळ्यांचा असतो. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्या गावाची.

२००६ साली वनहक्क कायदा झाला, तेव्हा या अभ्यासाचं चीज झालं. या कायद्याप्रमाणं दाव्याची सुरुवात ग्रामसभेतूनच होते. ग्रामसभा वनहक्क समिती निवडते. तिच्यात किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. समिती पुरावे गोळा करते, नकाशा करते. ग्रामसभेचा ठराव उपविभागीय समितीकडं आणि तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा समितीकडं जातो. २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत त्याचं नाव आहे.

तरी बांबूवरून अडलंच. कायद्यानं बांबू हे गौण वनोपज, म्हणजे तो गावाचा. पण वाहतुकीचा परवाना देणार वनखातं! गावानं हट्ट सोडला नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. गावाला दिल्लीपर्यंत जावं लागलं नाही, दिल्लीच गावात आली.

आता तुम्ही म्हणाल, गडचिरोलीचं ठीक, आपल्याला त्याचं काय? आपल्या शाहूवाडी, राधानगरी, गगनबावड्याच्या डोंगरांत धनगरवाडे आहेत. हा कायदा केवळ अनुसूचित जमातींपुरता नाही. १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, जंगलात राहून त्यावर पोट भरणाऱ्या इतर समाजांनाही तो लागू होतो. अडचण पुराव्याची असते. कागद नसतात. पण नियमांनी एक वाट ठेवली आहे. गावातल्या वडीलधाऱ्या माणसांचं सांगणं लिहून घेतलं, तर तेही पुरावा म्हणून पुढं ठेवता येतं.

तरुणांचं खरं काम मला इथं दिसतं. आजोबांना आठवतं, पण लिहिता येत नाही. नातीला लिहिता येतं, पण पाणवठा कुठं होता आणि गुरं कुठल्या वाटेनं चरायला जात, ते तिला ठाऊक नाही. दोघं एका वहीपाशी बसली तर दावा उभा राहतो. नाही बसली तर एक म्हातारं माणूस जातं आणि पुराव्याचं एक पान त्याच्याबरोबर जातं.

पुढारीपण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं चौकातला डिजिटल फलक येतो, त्यावर हात जोडलेला हसरा चेहरा. मेंढ्याच्या पोरांनी आधी कायद्याचं पुस्तक उघडलं आणि वडीलधाऱ्यांपुढं मांडी घातली. म्हणून त्यांच्या वतीनं बोलायला दुसऱ्या कुणाची गरज उरली नाही. यापुढं मला कुणी समाजाचा प्रतिनिधी म्हटलं, तर मीही माईक आधी आमच्या कट्ट्यावरच्या पोरांकडं देईन म्हणतो.