चैत्रपालवी आणि कडू घास

आज चैत्र शुद्ध प्रतिपदा. शालिवाहन शकाचे नवे वर्ष दारी उभे आहे. कळकाच्या काठीवर रेशमी वस्त्र, तांब्याचा गडू, साखरेची गाठी आणि कडुलिंबाची डहाळी! गोड व कडू एकाच काठीला बांधण्याची ही रीत बालपणी मोठी विचित्र वाटे.

पाडव्याच्या सकाळी वडील कडुलिंबाची कोवळी पाने व फुले, गूळ, ओवा, हिंग, मीठ आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ एकत्र वाटून देवापुढे ठेवीत. आम्ही भावंडे रांगेने हात पुढे करीत असू. गोळी जिभेवर पडताच तोंडे वेडीवाकडी होत. पुष्कळदा ती परसात थुंकली जाई आणि हात गाठीकडे वळे. वडील ते पाहत, परंतु कधी बोलत नसत.

चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे ११ दिवसांनी तोकडे असते. ही तूट अधिक मासाने भरून काढली जाते; म्हणूनच पाडवा पालवीची वेळ चुकवीत नाही. फाल्गुनात देवळाच्या पारावरील पिंपळ पाने ढाळतो, कडुलिंबाखाली पिवळ्या पानांचा सडा पडतो. मग चैत्राच्या तोंडाशी दोहोंच्या फांद्यांवर तांबूस, लुसलुशीत पालवी फुटते. नवल असे की, ती पावसाची वाट पाहत नाही. मृग नक्षत्राला अद्याप दोन-अडीच महिने अवकाश असतो आणि वैशाखवणवा तर पुढेच असतो. भूमीच्या पोटात उरलेल्या ओलाव्यावर विसंबून वृक्ष आपले सर्वांत कोवळे पान सर्वांत कठोर उन्हाच्या स्वाधीन करतो. काही आठवड्यांतच ते पान हिरवे व जाड होते, आणि भर वैशाखात वाटसरू त्याच्याच सावलीत विसावतो. ऊन काही सौम्य झालेले नसते. पान मात्र जून झालेले असते.

वडिलांचे वर्षश्राद्ध झाल्यानंतर आलेल्या पहिल्या पाडव्यास गुढी उभारण्याचे काम माझ्याकडे आले. वाटीतील गोळी प्रथम मीच तोंडात घातली. चव तीच होती, तितकीच कडू. परंतु थुंकावीशी वाटली नाही. समोर माझा मुलगा हात पुढे करून उभा होता. त्याच्या इवल्या तळहातावर गोळी ठेवताना क्षणभर माझा हात थबकला. गूळ थोडा अधिक घालावा काय? आपल्या वाट्याला आलेला कडूपणा मुलाच्या वाट्यास येऊ नये, असे कोणत्या पित्यास वाटत नाही? वडिलांच्या मौनाचा अर्थ मला त्या क्षणी उमगला.

मी गूळ वाढविला नाही. मुलाने गोळी तोंडात घातली, डोळे घट्ट मिटले आणि तो परसाकडे धावला. मी पाहिले, पण बोललो नाही.

आज आपल्याही घरी ती वाटी फिरेल. लहानग्यांनी तोंड वाकडे केले, तर रागावू नये. पालवी अजून तांबूस आहे.