टर्बोचार्जर-दोषनिदान व अल्पशक्ती अवस्था

डीझेल एंजिनाच्या टर्बोचार्जरकडून अपेक्षित दाबाची हवा मिळत नाही किंवा ती मर्यादेहून अधिक दाबाने येत आहे, असे इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाला आढळल्यास तो इंधनपुरवठा कमी करून एंजिनाची शक्ती मुद्दाम मर्यादित ठेवतो. या स्थितीस अल्पशक्ती अवस्था किंवा प्रचलित भाषेत ‘लिंप मोड’ म्हणतात. ‘गाडीचा पिकअप गेला, म्हणजे टर्बो गेला’ असा निष्कर्ष गॅरेजांतून सर्रास काढला जातो. तो बऱ्याच वेळा चुकीचा असतो. अल्पशक्ती अवस्था ही एंजिनाच्या संरक्षणाची योजना आहे. ती कोणत्या कारणाने लागू झाली, हे शोधून काढणे म्हणजे दोषनिदान होय. या शोधात चिरलेल्या रबरी नळीपासून गंजलेल्या विद्युत् जोडापर्यंत अनेक स्वस्त कारणे टर्बोचार्जरच्या आधी तपासावी लागतात.

रचना व कार्य : सिलिंडरातून बाहेर पडणाऱ्या निष्कास वायूंत पुष्कळ ऊर्जा शिल्लक असते. टर्बोचार्जरमध्ये हे वायू एका लहान टरबाइनाची पाती फिरवितात. त्याच दंडाच्या दुसऱ्या टोकावरील संपीडक बाहेरची हवा ओढून ती दाबाखाली सिलिंडरांत लोटतो. स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. प्रथम जहाजांवरील व विद्युत् केंद्रांतील मोठ्या एंजिनांत आणि नंतर मालमोटारींत तिचा उपयोग झाला. १९७८ मध्ये मर्सिडीज-बेंझ कंपनीने टर्बो-डीझेल प्रवासी मोटारगाडी बाजारात आणली. सामाईक नळीतून उच्च दाबाने इंधन अंतःक्षेपित करणारी ‘कॉमन रेल’ पद्धती १९९७ पासून मोटारगाड्यांत आल्यावर हवा व इंधन या दोहोंवरील इलेक्ट्रॉनिक नियंत्रण अधिक अचूक झाले. अल्पशक्ती अवस्था हे याच नियंत्रणाचे अपत्य आहे. जुन्या यांत्रिक पंपाच्या एंजिनात नळी फाटली, तर गाडी काळा धूर ओकीत तशीच चालत राही.

हवेच्या राशीची कल्पना एका उदाहरणाने येईल. २.६ लिटर क्षमतेचे चतुर्धाव एंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असता, टर्बोचार्जर नसल्यास, मिनिटाला जास्तीत जास्त ३,९०० लिटर हवा आत घेऊ शकते. शोषणनळीतील दाब वातावरणाच्या दुप्पट केला आणि तापलेली हवा इंटरकूलरमध्ये निववली, तर त्याच सिलिंडरांत जवळजवळ दुप्पट वस्तुमानाची हवा मावते व तितक्या प्रमाणात अधिक इंधन स्वच्छपणे जाळता येते. यासाठी टर्बोचार्जरचा दंड मिनिटाला एक ते दोन लाख फेरे घेतो. तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरत असल्याने वंगण हेच त्याचे आयुष्य असते.

अनेक आधुनिक टर्बोचार्जरांत टरबाइनाभोवती हलत्या पात्यांचे कडे असते. पाती मिटली की वायूंचा मार्ग अरुंद होऊन त्यांचा वेग व पर्यायाने हवेचा दाब वाढतो; पाती उघडली की तो उतरतो. पाती हलविण्याचे काम निर्वात दाबावर चालणारे पडद्याचे डबडे किंवा विद्युत् चलित्र करते. काजळीने कडे आखडले, डबड्याची नळी तडकली किंवा चलित्राच्या जोडात पाणी शिरले, तर चाक व दंड निर्दोष असूनही दाब बिघडतो.

नियंत्रकाचा निर्णय : डीझेल एंजिनाची शक्ती मुख्यतः इंधनाच्या मात्रेने ठरते. नियंत्रक हवेच्या प्रवाहाचा व शोषणनळीतील दाबाचा संवेदक सतत वाचतो आणि अपेक्षित दाब व प्रत्यक्ष दाब यांची तुलना करतो. तफावत ठराविक काळ टिकली, तर तो दोषसंकेत नोंदवितो, फलकावरील दिवा लावतो आणि इंधन आवरतो. दाब कमी पडल्याचा प्रमाणित संकेत पी ०२९९ व अधिक झाल्याचा पी ०२३४ हा आहे. या अवस्थेत काही गाड्यांत एंजिनाचे फेरे ठराविक मर्यादेपुढे जात नाहीत, तर काहींत फेरे मिळतात पण ओढ राहत नाही. किल्ली बंद करून पुन्हा चालू केल्यावर पुष्कळदा शक्ती परत येते. त्यामुळे दोष गेला असे चालकाला वाटते आणि पुढच्या चढावर तो पुन्हा प्रकट होतो. दोषसंकेत हा बिघडलेल्या भागाचे नाव सांगत नाही, केवळ काय घडले ते सांगतो, ही गोष्ट येथे विसरली जाते.

शक्ती कमी होण्याची टर्बोचार्जरशी संबंध नसलेली कारणेही आहेत. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांच्या डीझेल गाड्यांत काजळी-गाळणी असते व अनेक प्रकारांत यूरियाचे द्रावण वापरणारी यंत्रणाही असते. गाळणी तुंबल्यास किंवा द्रावण संपल्यास नियंत्रक तशीच मर्यादा घालू शकतो. इंधनाची गाळणी तुंबल्यानेही ओढ जाते.

वडखळ परिसरातील परिस्थिती : महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केल्यानंतर डीझेल व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली फिरती घरे हा कुतूहलाचा विषय झाला. अशा गाडीतील खाटा, ओटा, विद्युत् घटमाला व पाण्याची टाकी कायम सोबत असतात. टाकीतले १०० लिटर पाणी म्हणजेच १०० किग्रॅ. ओझे. उंच, चौकोनी शरीरामुळे वाऱ्याचा रोधही जास्त. साधी व्हॅन रिकामी असता ज्या दुर्बल टर्बोचार्जरवर निभावून जाते, त्यावर फिरते घर निभावत नाही.

मुंबईहून गोव्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ (पूर्वीचा १७) व अलिबागचा रस्ता पेण तालुक्यातील वडखळ येथे वेगळे होतात. पनवेलच्या पुढील कर्नाळा खिंड ओलांडल्यावर येथपर्यंत रस्ता खाडीकाठच्या सपाटीवरून येतो. भोवती भातखाचरे, मिठागरे व खारेपाटाची जमीन आहे. दक्षिणेस नागोठण्यानंतर सुकेळी खिंडीचा चढ, त्याहून पुढे पोलादपूरनंतर कशेडी घाट लागतो. सपाटीवर सुप्त असलेला दोष या चढांवर उघडा पडतो. खारी दमट हवा विद्युत् जोडांच्या पितळी पट्ट्यांना हिरवट गंज आणते. २०११ पासून दीर्घकाळ रेंगाळलेल्या चौपदरीकरणाच्या धुळीचा मोठा भार हवा-गाळण्यांनी सोसला आहे. सुट्टीच्या दिवसांतील वाहनकोंडीत तासन्‌तास मंद गतीने चाललेल्या एंजिनात निष्कास वायू थंड राहून काजळी साचते. पावसाळ्यात घरापाशी उभ्या राहिलेल्या गाडीच्या निर्वात नळ्या उंदीर कुरतडतात, हे कारण हास्यास्पद वाटले तरी दुर्मिळ नाही.

निदानाचा क्रम : समजा, वडखळहून दक्षिणेस निघालेल्या अशा गाडीची ओढ सुकेळीच्या चढावर एकाएकी गेली, दिवा लागला आणि पी ०२९९ हा संकेत मिळाला. संकेत पुसण्यापूर्वी त्यासोबत साठविलेली क्षणनोंद उतरून घ्यावी. दोष उद्‌भवला त्या क्षणी एंजिनाचे फेरे, भार, अपेक्षित व प्रत्यक्ष दाब काय होते, हे तीत असते. घाईने संकेत पुसणे म्हणजे पंचनाम्यापूर्वीच जागा धुऊन काढणे होय.

यानंतर किल्ली चालू पण एंजिन बंद ठेवून शोषणदाब-संवेदकाचे वाचन घ्यावे. एंजिन फिरत नसल्याने ते वातावरणीय दाबाइतकेच असले पाहिजे. वडखळ जवळजवळ समुद्रसपाटीवर असल्याने तेथे ते सुमारे १०० किलोपास्कल यावे. हीच गाडी लोणावळ्यास (सुमारे ६२० मी. उंची) नेल्यास ९४ च्या आसपास यावे. वडखळला ते ८५ दिसत असेल, तर दोष संवेदकात किंवा त्याच्या तारांत आहे व टर्बोचार्जरला हात लावण्याचे कारण नाही. दोन मिनिटांच्या या चाचणीला काही खर्च येत नाही, तरीही ती क्वचितच केली जाते.

संवेदक बरोबर असल्यास हवेचा मार्ग तपासावा. गाळणी, संपीडकापासून इंटरकूलरपर्यंतची व तेथून एंजिनापर्यंतची नळी, त्यांचे पट्टे व इंटरकूलरचे सांधे क्रमाने पाहावेत. काळा धूर व दाब चढताना येणारा फुसफुस आवाज ही गळतीची लक्षणे होत. नळीची चीर बहुधा खालच्या बाजूस असते आणि दाबाखालीच उघडते. म्हणून नुसत्या नजरेवर विसंबू नये. मार्गाची तोंडे बंद करून आत धूर किंवा मर्यादित दाबाची हवा सोडावी व सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. नळीत तेलाचा पुसट थर आढळला तरी घाबरण्याचे कारण नाही, कारण एंजिनाच्या पेटीतील तेलाचे बाष्प त्याच मार्गाने येते. तेल साचून राहिलेले दिसले तर मात्र ती वेगळी बाब होय.

मार्ग निर्दोष असल्यास हलत्या पात्यांच्या यंत्रणेकडे वळावे. निर्वात डबड्याला हातपंप जोडल्यावर दांडी न अडखळता पूर्ण सरकली पाहिजे व पंप थांबविल्यावर जागीच टिकली पाहिजे. ती घसरू लागली तर पडदा फाटला आहे. मुळीच हलत नसेल तर कडे आखडले आहे. दांडी ठीक असल्यास निर्वात पंप, विद्युत् झडप व बारीक नळ्या तपासाव्यात. विद्युत् चलित्राच्या बाबतीत निदानयंत्राद्वारे आज्ञा देऊन प्रत्यक्ष हालचाल पाहतात. निष्कास वायूचा काही भाग शोषणाकडे परत नेणारी झडप उघडी अडकल्यासही टरबाइनाला वायू कमी पडतो व तोच संकेत मिळतो.

अखेरचा पुरावा भाराखालील चाचणीने मिळतो. त्याच चढावर, वाहतूक विरळ असता, एकाने गाडी चालवावी व दुसऱ्याने निदानयंत्रावर दोन्ही दाबांची नोंद घ्यावी. अपेक्षित दाब २२० व प्रत्यक्ष दाब १५० किलोपास्कलांवर अडकून राहिला, तर गळती किंवा उघडी राहिलेली पाती संभवतात. प्रत्यक्ष दाब अपेक्षितापेक्षा वर उसळून मग शक्ती गेली, तर पाती मिटलेल्या स्थितीत आखडत आहेत. या दुसऱ्या प्रकारात कडे सोडवून साफ करणे पुष्कळदा पुरते.

टर्बोचार्जरचा प्रत्यक्ष बिघाड : वरील सर्व तपासण्या निर्दोष ठरल्यावरच संपीडकाच्या तोंडाची नळी काढून चाक हाताने हलवून पाहावे. तेलाच्या थरासाठी ठेवलेली किंचित आडवी ढिलाई स्वाभाविक असते. दंड लांबीच्या दिशेने जाणवण्याइतका सरकत असेल, पाती तुटलेली असतील किंवा चाक कवचाला घासल्याच्या खुणा असतील, तर टर्बोचार्जर निकामी झाला आहे. मात्र काम येथे संपत नाही. तेलपुरवठ्याची नळी कार्बनाने चोंदली असेल, तेल परतण्याचा मार्ग अडला असेल, तेल वेळेवर बदलले नसेल किंवा जुन्या चाकाचे तुकडे इंटरकूलरमध्ये राहिले असतील, तर बसविलेला नवा टर्बोचार्जरही थोड्याच दिवसांत त्याच मार्गाने जातो. मालकाला दुसऱ्यांदा पडणारा भुर्दंड बहुधा या दुर्लक्षाचा असतो.

वाटेतील दक्षता : केवळ ओढ गेली असेल, तेलदाबाचा दिवा विझलेला असेल व असाधारण आवाज नसेल, तर मंद गतीने जवळच्या वस्तीपर्यंत जाता येते, चढाच्या मध्यावर थांबण्यापेक्षा ते सुरक्षितही असते. निळा धूर, धातूचा कर्कश आवाज किंवा तेलदाबाचा दिवा दिसताच मात्र एंजिन बंद करावे. दंडाची तेलबंदी फुटल्यास वंगणतेल शोषणमार्गात शिरते व तेच इंधन म्हणून जळू लागते. अशा वेळी किल्ली काढूनही एंजिन थांबत नाही, उलट त्याचे फेरे वाढतच जातात. हस्तचलित दंतचक्रपेटी असल्यास गाडी थांबवून, ब्रेक पूर्ण दाबून, वरचा गिअर टाकून व क्लच सोडून एंजिन कोंडता येते. हे साधले नाही तर सर्व प्रवाशांना उतरवून दूर नेणे हाच उपाय उरतो. हवेच्या तोंडाशी हात किंवा कापड नेणे धोक्याचे असते. घाट चढून आल्यावर एंजिन एकदम बंद न करता एक-दोन मिनिटे मंद चालू ठेवल्यास तापलेल्या दंडाभोवतीचे तेल जळून त्याचा कार्बन होत नाही.