जाड किल्लीची युक्ती

समजा, एका वसतिगृहात ५०० खोल्या आहेत आणि सगळ्या कुलपांना एकच किल्ली लागते. त्यांतली एकच खोली उघडणारी किल्ली हवी असेल, तर काय कराल? त्या कुलपाचे भोक कोरून मोठे करा आणि जाड किल्ली घडवा. ती इतर कुलपांत शिरणारच नाही!

पेशीतही असाच पेच होता. काइनेज नावाची एन्झाइमे एटीपी या रेणूतील फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रथिनाला चिकटवतात. त्यातून 'वाढ', 'थांब' असे संदेश पुढे जातात. माणसात ती ५०० हून अधिक आहेत आणि एटीपी बसण्याची खाच बहुतेकांची सारखीच. मग कोणाचे काम कोणते, हे ओळखायचे कसे?

१९९७ साली अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे केव्हन शोकत आणि सहकाऱ्यांनी कोंबड्यांत कर्करोगाच्या गाठी निर्माण करणाऱ्या विषाणूचे 'सार्क' हे काइनेज घेतले. जनुक बदलून खाचेतील दोन अमिनो आम्लांच्या जागी अ‍ॅलानिन हे लहान अमिनो आम्ल आणले. एटीपीला पाच कार्बनांचे कडे जोडले. हा जाड एटीपी बदललेल्या सार्कलाच वापरता आला. त्याचा फॉस्फरस किरणोत्सारी ठेवला, की सार्कने फॉस्फेट चिकटवलेली प्रथिने ओळखता येतात. (इथे आम्हां भौतिकीवाल्यांचाही थोडा हातभार!)

खरी गंमत पुढेच आहे. यीस्टमध्ये सीडीसी२८ नावाचे काइनेज असते. उष्णतेने ते निकामी होणाऱ्या यीस्टच्या पेशी डीएनएची प्रत काढण्यापूर्वीच थांबत. २००० साली त्याची खाच रुंदावून, तीत अडकून काम रोखणारे जाड द्रव्य दिले गेले. या वेळी पेशी प्रत काढून, विभाजनाच्या उंबरठ्यावर येऊन थांबल्या.