नकाराचे भय आणि वैद्याचा शब्द

अम्लपित्त, अनिद्रा, शिरःशूल अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णांचा इतिहास बारकाईने विचारला असता अनेकदा आहारविहारापलीकडचे एक कारण हाती लागते. जावेने हळदीकुंकवास बोलावले नाही, मैत्रिणीने फोन घेतला नाही, पती घरी येऊन काही न बोलता वर्तमानपत्र वाचीत बसले. प्रसंग लहान, परंतु ‘मी कोणालाच नकोशी आहे’ हा त्यातून काढलेला अर्थ रात्रीची झोप हिरावून नेतो.

जेराल्डिन डाउनी व स्कॉट फेल्डमन या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये या स्वभावाची तीन लक्षणे मांडली. नकार मिळेल या चिंतेत सतत असणे, संदिग्ध वागण्यातही तो चटकन दिसणे आणि त्यावर तीव्र प्रतिक्रिया उमटणे. यातील तिसरे लक्षण विशेष घातक होय. त्रागा, टोमणे वा अबोला यांमुळे समोरची व्यक्ती खरोखरच दूर जाते आणि मूळचे भय खरे ठरते.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात सत्त्वपरीक्षा सांगताना प्रवर, मध्यम व अवर असे भेद केले आहेत. मध्यमसत्त्व मनुष्य दुसऱ्याच्या आधाराने सावरतो, असे तेथे म्हटले आहे. हा आधार देणे हे वैद्याचेही कर्तव्य आहे.

येथे आमची एक चूक नमूद करणे आम्हांस आवश्यक वाटते. अशाच एका रुग्णेचे बोलणे अर्ध्यावर तोडून आम्ही ‘एवढे मनाला लावून घेऊ नका’ असे म्हणालो व पुढील रुग्णास हाक दिली. त्यानंतर कित्येक महिने त्या आल्या नाहीत. पुढे आल्या तेव्हा म्हणाल्या, “तुम्हालाही माझा कंटाळा आला असे वाटले.” आमचा हेतू धीर देण्याचा होता, त्यांच्या कानी मात्र आणखी एक नकार पडला.

तेव्हापासून आम्ही प्रथम दुःख मान्य करतो. मग ‘प्रत्यक्षात काय घडले आणि आपण त्याचा अर्थ काय लावला?’ हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारतो. दुसरा कोणता अर्थ संभवतो, हे रुग्णासच शोधू देतो. अबोला धरण्यापूर्वी त्या व्यक्तीस शांतपणे विचारून पाहावे, असेही सुचवितो. अहितकर विषयांपासून मनास आवरणे हा सत्त्वावजय, तसेच शोक, भय, क्रोध यांचे वेग धारण करण्याचा उपदेश, आम्हांस याच वाटेने आचरणात आणता आला.

मात्र घरात खरोखरच अवहेलना वा मारहाण होत असेल, तर तिला रुग्णाच्या मनाचा दोष समजू नये. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलल्यास विलंब न लावता मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे.

औषधाची मात्रा आपण तोलून देतो. शब्दाची मात्राही तितक्याच काळजीने द्यावी, एवढीच वैद्यबंधुभगिनींस विनंती.