दोन नेटवर्कांमधील मल्टिकास्ट-संबंध

एकच ध्वनिचित्र-प्रवाह अनेक श्रोत्यांस पाठवावयाचा असता प्रत्येकासाठी वेगळी प्रत न पाठविता, वाट जेथे फुटते तेथेच राउटरने प्रत काढावी, ही मल्टिकास्टची मूळ कल्पना होय. पुण्याहून चाललेले अहिराणीविषयीचे व्याख्यान धरणगावच्या एखाद्या महाविद्यालयात ४० विद्यार्थी ऐकत आहेत व प्रवाह सेकंदाला २ मेगाबिटचा आहे, असे समजू. वेगळ्या प्रतींनी महाविद्यालयाच्या जोडणीवर ८० मेगाबिटांचा भार पडेल; मल्टिकास्टने तो २ वरच राहील. जोडणी बेताची असल्यास व्याख्यान ऐकू येणे वा न येणे यावरच अवलंबून राहते.

एका नेटवर्कात वक्ता व श्रोते या दोहोंची नोंद एका ठरीव राउटरकडे होते. त्यास भेटस्थान म्हणू. परंतु पुण्याचे भेटस्थान निराळे, धरणगावचे निराळे. दवंडी गावाच्या शिवेपाशी थांबावी, तशी वक्त्याची वार्ता तेथेच थांबते. ती पलीकडे नेण्याचा 'एमएसडीपी' हा संकेत २००३ साली, तोही प्रायोगिक म्हणून, नोंदला गेला. त्यात अशा दोन भेटस्थानांस 'पिअर' म्हणतात. या शब्दाचा अर्थ मित्र नव्हे, बरोबरीचा. येथे कोणीही कोणाचा अंकित नाही.

म्हणूनच दोन्ही बाजूंनी परस्परांचे पत्ते नोंदवावे लागतात. जोडणी टीसीपीच्या ६३९ क्रमांकाच्या द्वारावर होते; मोठ्या पत्त्याचा राउटर वाट पाहतो, लहान पत्त्याचा हाक देतो. मग अमुक वक्ता, अमुक गट, अमुक भेटस्थान, एवढा निरोप दर ६० सेकंदांनी जातो. व्याख्यानाचा प्रवाह मात्र या जोडणीवरून येत नाही. श्रोता असल्यास धरणगावचे भेटस्थान वक्त्याच्या दिशेने मागणी पाठविते, आणि ती राउटरागणिक पुढे सरकते. वाटेतील एकाही राउटरवर 'पिम' चालू नसेल तर संबंध जुळलेला दिसतो, आवाज मात्र येत नाही. नवशिके अशा वेळी पत्तेच पुनःपुन्हा तपासत बसतात.

अनेक पिअर असता एकच निरोप फिरत राहण्याचे भय असते. यास्तव मूळ भेटस्थानाकडे जाणारा मार्ग ज्या पिअरच्या दिशेने आहे, त्याचाच निरोप ग्राह्य धरतात. टोकाच्या नेटवर्कास एकच पिअर असल्यास ही परीक्षा लागत नाही. चाळणी मात्र लागतेच. २३९ ने आरंभ होणारे गट घरगुती वापराचे. त्यांची वार्ता शिवेबाहेर जाऊ देऊ नये व आतही घेऊ नये.

श्रोत्याने गटासोबत वक्त्याचाही पत्ता सांगितल्यास भेटस्थानाचे प्रयोजनच संपते. २३२ ने आरंभ होणारे गट याचसाठी राखले आहेत, आणि २०२० पासून भिन्न नेटवर्कांमध्ये हीच रीत शिफारशीची आहे. आयपीच्या सहाव्या आवृत्तीसाठी तर एमएसडीपी नाहीच. तेव्हा ज्यांना वक्त्याचा पत्ता सांगताच येत नाही अशी जुनी उपकरणे उरली असतील, तेथेच एमएसडीपी योजावा, असे माझे मत आहे.